एक नदी, दोन भाषा

गौतमपुरा हे इंदूरच्या वायव्येस, देपालपूर तहसिलीत वसलेले गाव. सुभेदार मल्हारराव होळकर यांच्या पत्नी गौतमाबाई यांचे नाव ते आजही धारण करून आहे. दिवाळीच्या दुसऱ्या दिवशी येथे हिंगोट-युद्ध होते. हिंगणाच्या फळाच्या पोकळ कवचात दारू ठासून दोन दले ती पेटती फळे परस्परांवर फेकतात. गौतमपुऱ्याचे दल ‘तुर्रा’, तर शेजारच्या रुणजीचे ‘कलंगी’. महाराष्ट्रातील वाचकास या नावांनी शाहिरांचे सवाल-जवाब आठवतील. शक्तीचा पक्ष घेणारे कलगीवाले आणि शिवाचा पक्ष घेणारे तुरेवाले. शब्द तेच, परंतु येथे वाढलेल्या मुलाच्या मनात त्यांना दारूचा वास आणि अंगावर येणाऱ्या ठिणगीची धास्ती चिकटलेली असते. लेखकाची घडण अशा ठिकाणी सुरू होते. भाषा घरातून मिळते. शब्दामागचा अनुभव पुष्कळदा गावाकडून येतो.

गौतमपुऱ्याच्या परिसरातून वाहणाऱ्या चंबळेला पुढे उज्जैनची क्षिप्रा मिळते. त्या क्षिप्रेच्या सहवासात वाढलेल्या दोन मराठी भावांचे उदाहरण येथे मननीय आहे. मुक्तिबोधांचे घराणे मूळचे खानदेशातले. पूर्वज ग्वाल्हेर संस्थानात येऊन स्थिरावले. थोरले गजानन माधव (१९१७-१९६४) इंदूरच्या होळकर महाविद्यालयातून पदवीधर झाले आणि पुढे हिंदीचे युगप्रवर्तक कवी ठरले. धाकटे शरच्चंद्र (१९२१-१९८४) मराठीतील कवी, कादंबरीकार व समीक्षक. ‘सृष्टी, सौंदर्य आणि साहित्यमूल्य’ या ग्रंथास १९७९ चा साहित्य अकादमी पुरस्कार लाभला.

केवळ घरच्या संस्कारांनी लेखनाची भाषा ठरत असती, तर या दोघांची भाषा एकच झाली असती. तसे घडले नाही. मात्र १९४३ च्या ‘तार सप्तक’ मधील आपल्या निवेदनात गजानन माधव माळव्याच्या विस्तीर्ण मैदानांचे आणि क्षिप्रेकाठच्या संध्याकाळींचे स्मरण करतात, तर शरच्चंद्रांच्या १९५४ च्या कादंबरीचे नावच ‘क्षिप्रा’ आहे. मार्क्सवादी विचार आणि मध्यमवर्गीय मनाची निर्मम झडती हेही दोघांच्या लेखनात समान. भाषा त्यांनी निवडली. भूमी निवडावी लागली नाही, ती दोन्ही भाषांत आपण होऊन आली.

आज माळव्यातील अनेक मराठी घरांतील मुले हिंदीतून शिकतात व लिहितात. ती आपल्याला दुरावली, अशी खंत ज्येष्ठांच्या बोलण्यात येते. ती निराधार नाही. वाचकच उरला नाही, तर मराठी पुस्तकांचे कपाट उघडणार कोण? तथापि त्यावरचा उपाय हिंदीस दार बंद करण्यात नाही. मुक्तिबोधांच्या मातोश्री हरिभाऊ आपटे आणि प्रेमचंद या दोघांच्याही वाचक होत्या. प्रेमचंदांची भक्ती आपणास आईने लावली, असे गजानन माधवांनीच लिहून ठेवले आहे. त्या घरात एक भाषा आली म्हणून दुसरी बाहेर गेली नाही.

ग्रंथालयीन वर्गीकरणात हे दोन भाऊ निरनिराळ्या विभागांत जातात. वर्गीकरणाचा तो नियमच आहे. परंतु दोघांचे ग्रंथ एकदा शेजारी मांडावेत, आणि हिंदीतून लिहिणाऱ्या आपल्या नातवंडांना तेथवर हाताला धरून न्यावे. आपल्या घरातून निघालेली वाट कोठवर जाते, हे त्यांना तेथे दिसेल. आणि ती वाट परत घराकडेही येते, हेही कळेल.