ज्यूदो : मूलशिक्षण व शाळेची निवड

ज्यूदो या जपानी मल्लविद्येत प्रतिस्पर्ध्यास पाडण्यापूर्वी स्वतः सुरक्षितपणे पडण्याचे शिक्षण दिले जाते. हा क्रम या विद्येच्या इतिहासातून सिद्ध झाला असून तो डावलल्याचे दुष्परिणाम खुद्द जपानलाही भोगावे लागले आहेत.

ज्यूदोचे प्रवर्तक कानो जिगोरो (१८६०–१९३८) हे लहान चणीचे होते. मेजी काळात जुजुत्सू या जुन्या विद्येस उतरती कळा लागल्याने तिचे शिक्षक मिळणे दुर्घट झाले होते. हे शिक्षक पुष्कळदा हाडवैद्यकीवर निर्वाह करीत. म्हणून कानो यांनी हाडवैद्यांकडे चौकशी करीत गुरूचा शोध घेतला. १८७७ मध्ये त्यांनी तेन्जिन शिन्यो पंथाच्या फुकुदा हाचिनोसुके यांचे शिष्यत्व पतकरले. फुकुदांच्या निधनानंतर (१८७९) इसो मासातोमो व १८८१ पासून कितो पंथाचे इइकुबो त्सुनेतोशी हे त्यांचे गुरू झाले. पहिल्या पंथात पकडी व गळा आवळण्याचे डाव, तर दुसऱ्यात फेकी प्रमुख होत्या. प्रतिस्पर्ध्याचा तोल ढळल्यावरच फेक सुकर होते, हे तत्त्व कानो यांनी आपल्या पद्धतीचा पाया मानले. १८८२ मध्ये त्यांनी टोकिओतील एइशो मंदिरात बारा चटयांच्या जागेत कोदोकान ही शाळा स्थापन केली.

घातक डाव त्यांनी आखीव सरावापुरते मर्यादित ठेवले आणि मुक्त सरावास पतनतंत्राची (उकेमी) जोड दिली. पाठीवर पडताना हनुवटी छातीशी घेऊन डोके जमिनीपासून वर ठेवणे व हाताने चटईवर थाप मारून आघात विभागणे, हे त्यातील प्रमुख घटक होत. १८९५ मध्ये फेकींची पाच गटांत क्रमवार मांडणी करण्यात आली. ‘क्यू’ व ‘दान’ या श्रेणींमुळे प्रगतीचे टप्पेही निश्चित झाले.

१९६४ च्या टोकिओ ऑलिंपिकमध्ये पुरुषांच्या आणि १९९२ च्या बार्सेलोना ऑलिंपिकमध्ये महिलांच्या ज्यूदोस अधिकृत स्थान मिळाले. स्पर्धांचे महत्त्व वाढले. जपानी शाळांत १९८३ ते २०११ या काळात ज्यूदोमुळे शंभराहून अधिक विद्यार्थी दगावले. त्यांत डोक्यास इजा झालेल्या नवशिक्यांचे प्रमाण मोठे होते. पुढे २०२२ मध्ये, जिंकण्याचा अतिरेकी हव्यास बालकांस अपायकारक ठरतो या कारणास्तव, जपानच्या ज्यूदो महासंघाने प्राथमिक शाळेतील मुलांची राष्ट्रीय वैयक्तिक स्पर्धा बंद केली.

भारतात रवींद्रनाथ टागोरांच्या निमंत्रणावरून ताकागाकी शिन्झो यांनी १९२९ मध्ये शांतिनिकेतनात ज्यूदो शिकविण्यास आरंभ केला; परंतु आर्थिक पाठबळाअभावी तो उपक्रम फार काळ टिकला नाही. भारतीय ज्यूदो महासंघ १९६५ मध्ये स्थापन झाला.

महाराष्ट्रास हा क्रम अपरिचित नाही. विमानांच्या कारखान्यामुळे ज्ञात असलेले ओझर (ता. निफाड) ज्या नाशिक जिल्ह्यात आहे, त्याच जिल्ह्यातील वणीच्या सप्तशृंगीशी मल्लखांबाच्या उगमाची आख्यायिका निगडित आहे. दुसऱ्या बाजीरावाच्या काळातील बाळंभटदादा देवधर यांनी पुनरुज्जीवित केलेली ही विद्या कुस्तीस पूरक होती. तालमीतही नवा पोरगा आधी माती उकरतो, जोर-बैठका काढतो व मगच जोड धरतो.

यावरून ओझरसारख्या गावी किंवा मोठ्या शहरात शाळा निवडताना कोणत्या गोष्टी पाहाव्यात, हे ध्यानात येते. शिक्षकाची श्रेणी व त्याची गुरुपरंपरा, चटयांची जाडी व त्यांमधील फटी, नवशिक्यांची वय व वजनानुसार विभागणी आणि पतनाच्या सरावास दिलेला वेळ यांची प्रत्यक्ष पाहणी करावी. डोक्यास मार बसताच सराव थांबविला जातो की नाही, हेही विचारावे. भिंतीवरील पदकांवरून शाळेची पारख होत नाही. नवशिक्या तेथे कसा पडतो, यावरून ती होते.