गाठीच्या पेशींची लस : एका प्रायोगिक पद्धतीचा इतिहास

विसाव्या शतकाच्या आरंभी एका उंदराची कर्करोगाची गाठ दुसऱ्या उंदरात रोवली आणि त्याच्या शरीराने ती नाकारली, की कर्करोगावर लस सापडल्याचा समज होत असे. परंतु ते उंदीर आनुवंशिकदृष्ट्या भिन्न असल्यामुळे नाकारली गेली होती ती परकी ऊती, कर्करोग नव्हे, हे पुढे स्पष्ट झाले. हा घोटाळा दूर होण्यासाठी अंतःप्रजनित उंदीर, म्हणजे वीस किंवा अधिक पिढ्या भावंडांचाच संकर करून जवळजवळ एकसारखे केलेले उंदीर, आवश्यक होते. अशा वाणांचे संवर्धन करणारी जॅक्सन प्रयोगशाळा क्लॅरेन्स कुक लिटल यांनी १९२९ मध्ये अमेरिकेतील मेन राज्यात स्थापन केली.

१९५७ मध्ये रिचमंड प्रेन आणि जोन मेन यांनी रसायनाने निर्माण केलेली गाठ अशा उंदरांत वाढू देऊन नंतर काढून टाकली, तेव्हा त्या उंदरांनी तीच गाठ पुन्हा रुजू दिली नाही, मात्र गाठ ज्या उंदरातून आली होती त्याच्या निरोगी त्वचेचे कलम स्वीकारले; म्हणजे नकार खुद्द गाठीला होता. १९६० मध्ये स्टॉकहोमच्या जॉर्ज क्लाइन यांच्या गटाने उंदराची स्वतःचीच गाठ काढून तिच्या पेशी किरणोत्सर्गाने विभाजनास असमर्थ केल्या व त्याच उंदराला टोचल्या, आणि नंतर दिलेल्या जिवंत पेशींना अनेक उंदरांनी दाद दिली नाही. लस, मग जिवंत पेशींचे आव्हान आणि सोबत लस न दिलेल्या उंदरांचा तुलनागट ही मांडणी पुढे रूढ झाली.

तथापि १९७६ मध्ये हॅरल्ड हेविट व सहकाऱ्यांनी आपोआप उद्भवलेल्या २७ गाठी तपासल्या असता असा प्रतिकार आढळला नाही, आणि रसायनजन्य गाठींवरून काढलेले निष्कर्ष माणसाला लागू पडतात का, याविषयी गंभीर शंका निर्माण झाली.

१९९३ मध्ये ग्लेन ड्रॅनॉफ व सहकाऱ्यांनी बी१६ या मेलॅनोमाच्या, म्हणजे त्वचेतील रंगद्रव्य-पेशींच्या कर्करोगाच्या, पेशींत विविध प्रतिकार-संदेशक प्रथिनांची जनुके घालून, त्या पेशी लस म्हणून वापरून, त्या प्रथिनांची तुलना केली. त्यांत जीएम-सीएसएफ सर्वांत प्रभावी ठरले. गाठीतील प्रतिजने, म्हणजे प्रतिकारसंस्थेला ओळखू येणारे रेणू, टी-पेशींपुढे, म्हणजे गाठीवर हल्ला करणाऱ्या प्रतिकारपेशींपुढे, मांडणाऱ्या पेशींना ते प्रथिन चालना देते. मात्र लस आधी दिली तर मिळणारे संरक्षण गाठ रुजल्यावर फारसे लाभत नसे. १९९९ मध्ये जेम्स ॲलिसन यांच्या गटाने हीच लस आणि टी-पेशींवरील सीटीएलए-४ हा लगाम रोखणारे प्रतिपिंड एकत्र दिले, तेव्हा रुजलेल्या गाठीही अनेक उंदरांत नाहीशा झाल्या; काही काळ्या उंदरांची लव पांढरी पडली, कारण निरोगी रंगद्रव्य-पेशींवरही हल्ला झाला होता.

माणसांत मात्र याच तत्त्वावरील प्रोस्टेट कर्करोगाच्या लसीच्या दोन मोठ्या चाचण्या २००८ मध्ये थांबवाव्या लागल्या. याउलट सीटीएलए-४ रोखणाऱ्या इपिलिमुमॅबला मेलॅनोमावरील औषध म्हणून २०११ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळाली आणि ॲलिसन यांना २०१८ चे नोबेल पारितोषिक तासुकू होंजो यांच्यासह मिळाले. त्यामुळे पेशींच्या या लसीचे मोल तिने बरे केलेल्या रुग्णांच्या संख्येवरून ठरवणे योग्य नव्हे. गाठीला शरीर ओळखते, पण त्या ओळखीला लगाम घातलेला असतो, हे दाखवून देण्यात तिने बजावलेली कामगिरी हेच तिचे खरे ऐतिहासिक महत्त्व होय.