राय व्हिस्की: धान्याची जात बदलली की चव का बदलते?

तांब्याच्या भट्टीशेजारी उभं राहून "ही माझी घरची राय व्हिस्की" असं सांगणारा एखादा अमेरिकन किंवा न्यूझीलंडचा माणूस तुमच्याही फीडमध्ये कधीतरी आला असेल. यीस्ट कुठलं, भट्टी कुठली, लाकूड कुठलं हे तो अगदी बारकाईनं सांगतो. पण राय कुठली, असं विचारलं तर उत्तर बहुतेक वेळा "दुकानातली" एवढंच येतं.

हे म्हणजे भाताचं कौतुक करायचं आणि तांदूळ आंबेमोहोर होता, इंद्रायणी होता की कोलम, हे सांगायचंच नाही, असं झालं. रायचंही तसंच आहे. या एका शब्दाखाली अनेक जाती येतात आणि त्यांची चव सारखी नसते. ही चव येते कुठून, गाजलेल्या जाती कोणत्या आणि निवडताना काय बघतात, ते या लेखात समजून घेऊ.

आधीच एक गोष्ट स्पष्ट करतो. महाराष्ट्रात परवान्याशिवाय घरी दारू गाळणं हा गुन्हा आहे. त्यामुळे इथे दारू गाळायची कृती दिलेली नाही. माहिती आहे ती धान्याची.

राय म्हणजे नेमकं काय?

सगळ्यात आधी, राय म्हणजे राई नव्हे. राई ही आपली मोहरी. राय हे गहू आणि बार्लीच्या जवळच्या नात्यातलं धान्य आहे. त्याचं शास्त्रीय नाव सेकेल सेरेआले. दाणा गव्हापेक्षा बारीक, लांबट आणि रंगानं करडा-हिरवट असतो.

कडाक्याची थंडी आणि हलकी, रेताड जमीन हे पीक चांगलं सोसतं. म्हणूनच जर्मनी, पोलंड आणि रशिया हे त्याचे मोठे उत्पादक देश. तिकडची काळपट, आंबूस पावरोटी याच्याच पिठाची असते. न्यूझीलंड आणि ऑस्ट्रेलियात या धान्याला 'रायकॉर्न' म्हणतात, कारण तिथे 'रायग्रास' नावाचं वेगळंच गवत आहे. ऑनलाइन शोधताना या दोन नावांत गल्लत होऊ शकते.

राय व्हिस्की कशाला म्हणतात?

अमेरिकेतल्या कायद्याप्रमाणे, 'राय व्हिस्की' म्हणायचं तर आंबवण्याच्या धान्यात किमान ५१ टक्के राय हवी. दारू ८० टक्के अल्कोहोलपेक्षा जास्त कडक गाळायची नाही. ती नव्या, आतून जाळलेल्या ओकच्या पिंपात भरायची आणि भरताना अल्कोहोल ६२.५ टक्क्यांपेक्षा जास्त नको. पिंपात किमान दोन वर्षं राहिली की तिला 'स्ट्रेट' म्हणता येतं. कॅनडात मात्र 'राय' हा शब्द परंपरेनं व्हिस्कीलाच वापरतात. तिच्यात रायचं प्रमाण किती असावं, असा नियम नाही.

हा प्रकार जुना आहे. अमेरिकेचे पहिले राष्ट्राध्यक्ष जॉर्ज वॉशिंग्टन यांची माउंट व्हर्नन इथे १७९७ मध्ये सुरू झालेली डिस्टिलरी होती. तिथलं मिश्रण साधारण ६० टक्के राय, ३५ टक्के मका आणि ५ टक्के माल्ट केलेली बार्ली असं होतं. आज इंडियाना राज्यातल्या लॉरेन्सबर्गच्या मोठ्या कारखान्यात ९५ टक्के राय आणि ५ टक्के माल्ट बार्लीची व्हिस्की बनते. ती कितीतरी वेगवेगळ्या ब्रँडच्या नावानं विकली जाते.

या सगळ्यात एक गोष्ट लक्षात घ्या. कायदा रायचा टक्का विचारतो, रायची जात विचारत नाही. त्यामुळे बाटलीवर जातीचं नाव क्वचितच दिसतं.

रायची चव येते कुठून?

राय व्हिस्कीच्या वर्णनात मिरी, लवंग, पुदिना, सुकं गवत असे शब्द नेहमी येतात. यामागे मुख्यतः तीन गोष्टी असतात.

१. कोंडा: दाण्याच्या सालीत आणि पेशींच्या भिंतींत फेरुलिक आम्ल असतं. आंबवताना काही प्रकारचं यीस्ट त्याचं रूपांतर ४-व्हिनिलग्वायकॉल नावाच्या संयुगात करतं. लवंगेसारखा वास येतो तो याचाच. जर्मनीच्या गव्हाच्या बिअरला येणारा लवंगी वासही यामुळेच. म्हणजे धान्य कितीही चांगलं असलं तरी यीस्ट त्या जातीचं नसेल, तर हा वास फारसा उठत नाही.

२. चिकटपणा: रायमध्ये अरॅबिनोझायलन नावाचा तंतुमय पदार्थ गहू-बार्लीपेक्षा जास्त असतो. फेरुलिक आम्ल बरंचसं त्यालाच चिकटलेलं असतं. पण याच पदार्थामुळे रायची भरड गरम पाण्यात घातली की खळीसारखी घट्ट होते, फेसाळते आणि तळाला लागते. चव देणारी आणि डोकेदुखी देणारी गोष्ट अशी एकच आहे.

३. पिंप: जाळलेल्या ओकमधून व्हॅनिला, कॅरॅमल आणि थोडा लवंगेचा वासही येतो. त्यामुळे पाच-सहा वर्षं मुरलेल्या व्हिस्कीत धान्याची चव कुठली आणि लाकडाची कुठली, हे ओळखणं कठीण जातं. जातीचा फरक न मुरवलेल्या, पांढऱ्या दारूत सगळ्यात स्पष्ट कळतो.

आता जात बदलली की काय बदलतं? बारीक दाण्यात कोंड्याचं प्रमाण जास्त आणि स्टार्च कमी. टपोऱ्या दाण्यात उलट. स्टार्च जास्त म्हणजे साखर जास्त, आणि साखर जास्त म्हणजे टनामागे अल्कोहोल जास्त. कारखान्याला हे परवडतं. त्यामुळे गेल्या काही दशकांत निवड झाली ती बहुतेक उतारा आणि रोगप्रतिकार बघून. चवीसाठी निवड करायचं काम मागे पडलं.

गाजलेल्या जाती कोणत्या?

रोझेन: या जातीची गोष्ट सगळ्यात भारी आहे. जोसेफ रोझेन हा रशियातून आलेला विद्यार्थी मिशिगनच्या शेतकी कॉलेजात शिकत होता. त्यानं १९०९ मध्ये रशियातून आणलेलं बियाणं प्राध्यापक फ्रँक स्प्रॅग यांना दिलं. त्यातून तयार झालेली जात पुढे अमेरिकेत खूप पसरली. पेनसिल्व्हेनियातल्या व्हिस्कीवाल्यांनी तर जाहिरातींत 'रोझेन' हे नाव मिरवलं.

अडचण होती परागीभवनाची. गहू स्वतःच्याच परागांनी फळतो. रायचं तसं नाही. बाजरीसारखे तिचे पराग वाऱ्यानं उडतात आणि शेजारच्या शेतातल्या दुसऱ्या जातीशी संकर होतो. काही हंगामांतच बियाणं शुद्ध राहत नाही. यावर उपाय म्हणून मिशिगन सरोवरातलं साउथ मॅनिटू हे बेट निवडलं गेलं. तिथल्या शेतकऱ्यांनी फक्त रोझेनच पेरायचं ठरवलं. चहूबाजूंनी पाणी, त्यामुळे परके पराग येण्याचा प्रश्न नाही. पुढे १९२० ते १९३३ ची दारूबंदी आली, मग जास्त उताऱ्याच्या जाती आल्या आणि रोझेन शेतातून जवळजवळ नाहीशी झाली. बियाणं उरलं ते सरकारी बीज-बँकेत. अलीकडच्या वर्षांत त्या मूठभर बियाण्यापासून पेनसिल्व्हेनियात आणि पुन्हा त्याच साउथ मॅनिटू बेटावर तिची लागवड झाली. लिटिट्झ गावच्या स्टॉल अँड वुल्फ डिस्टिलरीनं रोझेनची व्हिस्कीही काढली.

अब्रुझी: मूळ इटलीची, नंतर अमेरिकेच्या दक्षिण भागात रुजलेली जात. दाणा बारीक, स्टार्च कमी. डेन्व्हरची लिओपोल्ड ब्रदर्स ही डिस्टिलरी जुन्या पद्धतीच्या तीन कप्प्यांच्या भट्टीत गाळलेल्या रायसाठी हीच जात वापरते.

डँकोव्स्की: पोलंडमधल्या जातींचं घराणं. पोलिश व्होडकासाठी प्रसिद्ध.

एसी हेझलेट: कॅनडात तयार झालेली हिवाळी राय. मिनेसोटा राज्यातल्या हॅलॉक गावची फार नॉर्थ स्पिरिट्स स्वतःच्या शेतात ही पिकवून व्हिस्की करते. याच डिस्टिलरीनं मिनेसोटा विद्यापीठासोबत अनेक जाती शेजारी शेजारी पेरल्या, प्रत्येकीची दारू एकाच पद्धतीनं गाळली आणि तुलना केली. चवीतला फरक स्पष्ट जाणवला.

ब्रासेटो आणि इतर संकरित जाती: पहिल्या संकरित राय जाती जर्मनीत १९८४ मध्ये आल्या. ब्रासेटो ही केडब्ल्यूएस या जर्मन कंपनीची. उतारा जास्त, पीक एकसारखं. पण आपल्याकडच्या संकरित बाजरीसारखंच इथेही बियाणं दरवर्षी विकत घ्यावं लागतं.

न्यूझीलंडमध्ये चाऱ्यासाठी पेरल्या जाणाऱ्या रायच्या एका जातीचं नाव चक्क 'राहू' आहे. आपल्या पत्रिकेतल्या राहूशी तिचा काही संबंध नाही!

जात महत्त्वाची की जमीन?

दोन्ही. पोलंडच्या बेल्व्हेडेर कंपनीनं याचा सोपा नमुना बाजारात आणला. डँकोव्स्की डायमंड ही एकच राय, पण दोन शेतांतली. एक पश्चिम पोलंडच्या स्मोगोरी जंगलाजवळची, दुसरी उत्तरेकडच्या बार्टेंझेक सरोवराजवळची. दोन्हींच्या वेगळ्या व्होडका केल्या आणि दोन्हींची चव वेगळी ठेवून विकल्या. व्होडका पिंपात मुरत नाही, त्यामुळे लाकडाचा वास मध्ये येत नाही. म्हणजे जात कळली तरी अर्धीच माहिती मिळाली. ती कुठे पिकली, हेही विचारायला हवं.

कच्ची, माल्ट केलेली की भाजलेली?

जातीइतकाच फरक दाण्यावरच्या प्रक्रियेनं पडतो.

कच्ची राय: तिखटपणा, मिरी आणि गवताचा वास जास्त. पण तिच्यातला स्टार्च फोडायला माल्ट किंवा बाहेरचं एन्झाइम लागतं.

माल्ट राय: आपण सत्त्वासाठी नाचणीला मोड आणून वाळवतो, तसंच. चव ब्रेड-बिस्किटाकडे आणि किंचित गोडीकडे झुकते. सॅन फ्रान्सिस्कोची ओल्ड पोट्रेरो आणि फिनलंडच्या किरो डिस्टिलरीची व्हिस्की, दोन्ही १०० टक्के माल्ट रायच्या.

भाजलेली राय: कॉफी, चॉकलेटसारखी चव. ही चिमूटभर, रंग आणि खोली देण्यापुरती वापरतात.

निवडताना काय बघतात?

न्यूझीलंडमध्ये १९९६ पासून स्वतःपुरती दारू घरी गाळणं कायदेशीर आहे. तिथले जाणकार धान्य घेताना साधारण या गोष्टी तपासतात.

१. पोत्यावर जात, शेत आणि कापणीचं वर्ष लिहिलंय का? नुसतं 'राय' लिहिलेलं असेल तर पुढच्या वेळी तीच चव मिळेल याची खात्री नाही.

२. ते खाण्यासाठीचं धान्य आहे का? पेरणीच्या बियाण्याला बुरशीनाशक चोळलेलं असू शकतं. त्यावर बहुतेक वेळा लाल, गुलाबी किंवा निळा रंग दिसतो. असं बियाणं विषारी असतं. ते कशातच वापरायचं नाही.

३. अर्गट आहे का? अर्गट म्हणजे कणसात दाण्याच्या जागी वाढणारी काळी-जांभळी, उंदराच्या लेंडीसारखी दिसणारी बुरशी. आपल्याकडे बाजरीवरही अर्गट रोग पडतो. रायवरचा अर्गट माणसाला विषारी असतो. अमेरिकेच्या प्रतवारीत ०.३० टक्क्यांपेक्षा जास्त अर्गट असलेल्या रायला 'अर्गटी राय' असा शिक्का बसतो.

४. चव आधी बघितली का? यासाठी दारूची गरजच नाही. माल्टची चव तपासायला बिअर उद्योगात 'हॉट स्टीप' पद्धत वापरतात. ५० ग्रॅम दळलेलं माल्ट, ६५ अंश सेल्सियसचं ४०० मिली पाणी, थर्मासमध्ये १५ मिनिटं, मग गाळून घ्यायचं. असा काढा दोन जातींचा करून शेजारी शेजारी प्यायला की फरक लगेच कळतो. हा प्रयोग इथेही करता येईल. यात अल्कोहोल शून्य.

कायदा काय सांगतो?

आपल्याकडे महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम, १९४९ लागू आहे आणि परवाने राज्य उत्पादन शुल्क विभाग देतो. व्हिस्कीसारखी कडक दारू पिण्यासाठी राज्यात वयाची २५ वर्षं पूर्ण लागतात. अमेरिकेतही परवान्याशिवाय दारू गाळण्यावर फेडरल कायद्यानं बंदी घातलेली आहे आणि तिला कोर्टात आव्हान दिलं गेलं आहे. त्यामुळे व्हिडिओत दिसतंय म्हणजे चालतं, असं समजू नका.

धोका फक्त पोलिसांचा नाही. अल्कोहोलची वाफ पेट घेते आणि बंद खोलीत स्फोट होऊ शकतो. बेकायदा दारूत मिसळलेल्या मिथेनॉलनं काय होतं, हे जून २०१५ मध्ये मुंबईच्या मालवणीत दिसलं. तिथे शंभरहून जास्त माणसं गेली.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

जुनी जात म्हणजे चांगली चव का?
असं समीकरण नाही. जुन्या जातींची चव वेगळी असू शकते, पण पीक लोळणं, कमी उतारा, रोग हे प्रश्नही असतात. नवीन जातींतही चवदार जाती आहेत. चाखून बघणं हाच खरा निकष.

राय आणि बार्ली एकच का?
नाही. स्कॉच सिंगल माल्ट बार्लीची असते. राय हे वेगळं धान्य.

भारतात कुणी राय व्हिस्की केली आहे का?
हो. बेंगळुरूच्या अमृत डिस्टिलरीनं १०० टक्के माल्ट रायची व्हिस्की काढली होती.

थोडक्यात

रायची चव जात, जमीन, माल्टिंग आणि यीस्ट या चौघांवर ठरते. लाकूड त्यानंतर येतं. रोझेन परत आली कारण कुणीतरी बीज-बँकेत तिची मूठभर बी आणि तिचं नाव, दोन्ही जपून ठेवलं होतं. नाव पुसलं गेलं असतं तर नेमकं काय शोधायचं, हेच कुणाला कळलं नसतं. आपल्या तांदळाच्या, ज्वारीच्या, नाचणीच्या गावठी जातींनाही हेच लागू पडतं. पुढच्या वेळी बाजारात गेलात तर 'तांदूळ द्या' म्हणण्याआधी 'कुठला आहे?' एवढं विचारून बघा.