ग्लायसीनला शांत म्हणायचे कोणी?

ग्लायसीन हे ‘मेंदूला शांत करणारे’ अमिनो आम्ल आहे. रात्री चमचाभर पूड पाण्यातून घेतली की झोप लागते आणि दुखणेही दबते, असे हल्ली सर्रास सांगितले जाते.

हा पूर्वपक्ष अगदीच पोकळ नाही. मज्जारज्जूत ग्लायसीन चेतापेशींना आवरते, हा विचार ॲप्रिसन आणि वर्मन यांनी १९६५ च्या सुमारास पुढे आणला. त्याचा दाखला आपल्या कोकणातही आहे. काजऱ्याच्या बिया, म्हणजे कुचला, यांतले स्ट्रिक्नीन ग्लायसीनच्या ग्राहीवर (रिसेप्टरवर) जाऊन बसते. मग साध्या आवाजानेही अंग ताठ होऊन झटके येतात, आणि शुद्ध शाबूत असल्याने माणूस ते सगळे भोगतो. धनुर्वाताचे विष तर ग्लायसीन पेशीबाहेर पडूच देत नाही. उंदराच्या मज्जारज्जूभोवती थोडे स्ट्रिक्नीन सोडले, तर केसांना झालेला हलका स्पर्शही त्याला वेदनेसारखा झोंबतो. वेदनेचा लगाम बऱ्याच अंशी ग्लायसीनच्या हाती आहे, इथवर वाद नाही.

वाद पुढच्या उडीशी आहे. जॉन्सन आणि ॲशर यांना १९८७ साली उंदराच्या मेंदूपेशींत दिसले, की एनएमडीए ग्राहीवरचा प्रतिसाद ग्लायसीनमुळे वाढतो. पुढे तर ग्लायसीनसारख्या सोबत्याशिवाय हा ग्राही उघडतच नाही, असे ठरले. हा ग्राही उत्तेजनाचा. दुखणे मज्जारज्जूत मुरते, त्यात त्याचा मोठा हात. स्ट्रिक्नीनची मात्रा इथे चालत नाही. म्हणजे एकच आम्ल एका ग्राहीवर आवरते आणि दुसऱ्यावर चेतवते.

हा प्रयोगशाळेतला कीस वाटत असेल, तर नवजात बाळांचा एक दुर्मीळ आनुवंशिक आजार पाहा. त्यात ग्लायसीनचे विघटन होत नाही, ते मेंदूत साठते. ग्लायसीन नुसतेच शांत करणारे असते, तर बाळ फक्त झोपाळू झाले असते. ते झोपाळू होते, लुळे पडते, त्याचा श्वास अडखळतो. आणि त्याच बाळाला आकडीही येते. उपचारात सोडियम बेंझोएटबरोबर डेक्स्ट्रोमेथॉर्फन देतात, कोरड्या खोकल्याच्या औषधातले तेच. कारण ते एनएमडीए ग्राहीला अडवते.

झोपेचे म्हणाल, तर जपानमधल्या छोट्या चाचण्यांत निजण्यापूर्वी ३ ग्रॅम घेणाऱ्यांना बरे वाटले, हे खरे. पण २०१५ साली उंदरांमध्ये कारण शोधले, तेव्हा हाती काय आले? मेंदूतल्या जैविक घड्याळाच्या केंद्रातले एनएमडीए ग्राही! त्यांच्यामार्फत त्वचेकडचा रक्तप्रवाह वाढतो, शरीराचे आतले तापमान उतरते आणि झोप येते. पूर्वपक्षाचा सर्वांत लाडका पुरावा उभा आहे तो असा उत्तेजनाच्या ग्राहीवर.

दुखण्यात गाठ आणखी घट्ट आहे. लगाम लागतो तो क्लोराइड पेशीत शिरते म्हणून. नस दुखावलेल्या उंदरांत क्लोराइड बाहेर फेकणारे प्रथिन घटते, क्लोराइड आत साचते आणि ग्लायसीनचा आवर ढिला पडतो, कधी उलटतोही. हे २००३ मध्ये दिसले. पुढच्याच वर्षी कळले, की सूज असताना प्रोस्टाग्लँडिन ई२ मज्जारज्जूतल्या ग्लायसीन-ग्राहीच्या एका प्रकाराला निष्प्रभ करते. बिघाड पुरवठ्यात नसून स्वीकारात असेल, तर पूड वाढवून काय साधणार? त्यातून गिळलेले ग्लायसीन रक्तातून मेंदूत सहज शिरत नाही, आणि शिरलेले पेशी भराभर उचलून घेतात. म्हणूनच वेदनाशामकांचे संशोधक पुडीच्या नादी न लागता, मज्जारज्जूतल्या त्या उचलणाऱ्या प्रथिनाला अडवण्याच्या किंवा नेमक्या ग्राहीला बळ देण्याच्या खटपटीत आहेत.