यझ्द

यझ्द : मध्य इराणमधील प्राचीन पर्शियन शहर, याच नावाच्या प्रांताची राजधानी. दश्त-ए-कवीर आणि दश्त-ए-लूत या दोन विस्तीर्ण वाळवंटांच्या मधल्या पट्ट्यात, समुद्रसपाटीपासून सुमारे १,२०० मीटर उंचीवर ते वसले आहे. लोकसंख्या पाच लाखांहून अधिक. वर्षाला जेमतेम ५०-६० मिलिमीटर पाऊस. उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडतो, हिवाळ्याच्या रात्री पाणी गोठते. नैर्ऋत्येला शीरकूहचा ४,००० मीटरहून उंच डोंगर आहे. त्याच्यावर पडणारा बर्फ हेच या शहराचे मूळ भांडवल. जुन्या शहराचा सुमारे २०० हेक्टरांचा भाग २०१७ साली युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेला.

इस्फहान आणि शीराझ पाहायला निघालेले प्रवासी वाटेत यझ्दला एखादा दिवस देतात, जामे मशिदीसमोर छायाचित्र काढून घेतात आणि पुढची गाडी पकडतात. त्यात शहराचे मर्म हातून निसटते. इस्फहानचा भव्य चौक शाह अब्बासच्या दरबाराने उभारला. यझ्द मात्र व्यापारी, विणकर, बागाईतदार आणि विहिरी खणणाऱ्यांनी घडवले आहे. पाण्याचा टिपूस नसलेल्या जागी शतकानुशतके नांदायचे कसे, या एकाच प्रश्नाभोवती इथली प्रत्येक भिंत, बोळ आणि बुरूज रचलेला दिसतो. म्हणून यझ्द पाहायला सुरुवात करावी ती जमिनीखालून.

जमिनीखाली आहेत कनाती, म्हणजे भूमिगत कालवे. डोंगराच्या पायथ्याशी भूजलाच्या पातळीखाली जाणारी एक खोल मातृविहीर खणायची, आणि तिच्या तळापासून अगदी सौम्य उताराचे भुयार शहरापर्यंत आणायचे. पाणी स्वतःच्या वजनाने वाहत येते. ना मोट लागते, ना पंप. माती वर काढायला आणि हवा खेळती राहायला भुयारावर ठरावीक अंतराने उभ्या विहिरी असतात. प्रत्येक विहिरीच्या तोंडाभोवती उपसलेल्या मातीचे कडे साचते, आणि वाळवंटात मैलोन्‌मैल गेलेली या कड्यांची रांग विमानातूनही ओळखू येते. यझ्दची झार्च कनात सुमारे ८० किलोमीटर लांब असून तिच्यावर २,०००हून अधिक विहिरी आहेत. २०१६ साली जागतिक वारसा ठरलेल्या ११ इराणी कनातींपैकी ती एक.

कनात खणणाऱ्या कारागिराला मुकन्नी म्हणतात, आणि यझ्दचे मुकन्नी साऱ्या इराणात नावाजलेले. आखूड दांड्याची कुदळ, चामड्याची बादली, विहिरीच्या तोंडावर लाकडी रहाट आणि तेलाचा दिवा एवढीच त्यांची सामग्री. दिवा दोन कामे करी. मागे ओळीत ठेवलेल्या दिव्यांवरून भुयार सरळ चालले आहे की नाही ते कळे. आणि ज्योत मंदावली की हवा दूषित झाल्याची सूचना मिळे. जमीन भुसभुशीत असेल तिथे भाजक्या मातीची लांबट कडी एकापुढे एक बसवून भुयाराला आधार देत. मुकन्नी पांढरे कपडे घालून खाली उतरत. छत कोसळलेच तर तेच कफन, असे लोक सांगतात. अमीर चखमाक चौकाजवळ एका व्यापाऱ्याच्या जुन्या घरात जलसंग्रहालय आहे. तिथे ही हत्यारे आणि पाणीवाटपाची साधने मांडली आहेत. पाणी मोजायचे ते वेळेच्या मापाने. मोठ्या पात्रातल्या पाण्यावर तळाला बारीक भोक असलेली तांब्याची वाटी तरंगत ठेवायची. ती भरून बुडाली की एक माप झाले. हिशेब ठेवणारा मीराब गावातला मानाचा माणूस. पाण्याचा वाटा वारसाहक्काने मिळे, विकता येई, धर्मादायही करता येई.

उताराच्या बळावर डोंगरातले पाणी जमिनीखालून शहरात आणण्याची ही विद्या महाराष्ट्राला अनोळखी नाही. मलिक अंबरने १७व्या शतकाच्या आरंभी आजच्या छत्रपती संभाजीनगरात बांधलेली नहर-ए-अंबरी याच घराण्यातली. तिथली पाणचक्की पाहिलेल्या मराठी माणसाला यझ्दमध्ये अनेक गोष्टी चटकन उमजतात.

कनातीचे पाणी शहरात आल्यावर आब-अंबार नावाच्या हौदांत साठवले जाई. हौद जमिनीखाली, वर घुमट, आणि घुमटाला खेटून बादगीर म्हणजे वारा पकडणारे मनोरे. शश बादगीर या हौदाला तर सहा बादगीर आहेत. पाणी घ्यायला रस्त्यापासून खाली नळापर्यंत पायऱ्यांची लांब उतरण असते. एका जुन्या हौदात आता झूरखाना म्हणजे पारंपरिक व्यायामशाळा चालते. ढोलाच्या ठेक्यावर मुदगल फिरवणारे पहिलवान तिथे संध्याकाळी पाहायला मिळतात.

बादगीर ही यझ्दची आकाशरेषा. वरच्या उभ्या झडपांमधून वारा आत शिरतो, आतल्या पडद्यांनी पाडलेल्या कप्प्यांतून खाली उतरतो, आणि खोलीतली तापलेली हवा दुसऱ्या बाजूच्या कप्प्यांतून वर निघून जाते. वारा पडलेला असला तरी बादगीर निकामी होत नाही. तापलेली हवा हलकी होऊन वर चढते आणि तळघरातली किंवा चौकातली गार हवा तिची जागा घेते. जवळच्या मेयबोद आणि अर्दकान भागात बादगीर बहुधा एकाच दिशेला उघडे असतात, कारण तिथे कामाचा वारा एकाच बाजूने येतो. यझ्दमध्ये वाऱ्याच्या दिशा बदलत्या, म्हणून इथले बादगीर चौबाजूंनी, कधी आठही बाजूंनी उघडे. मनोऱ्यातून बाहेर डोकावणारे लाकडी वासे शोभेचे वाटतात. ते आतून बांधकामाला बांधून धरतात आणि दुरुस्तीच्या वेळी गवंड्याला पाय ठेवायला उपयोगी पडतात.

सर्वांत उंच बादगीर दौलताबाद बागेत आहे, सुमारे ३३ मीटरचा, अष्टकोनी. ही बाग १८व्या शतकात यझ्दचा सुभेदार महंमद तकी खान याने केली आणि तिच्यासाठी दूरवरून स्वतंत्र कनात आणली. बादगिराच्या बरोबर खाली संगमरवरी हौज आहे. मनोऱ्यातून उतरलेली हवा पाण्याला घासून गार होते आणि लगतच्या दालनांत पसरते. हौजाच्या काठी उभे राहून कागदाचा कपटा हातात धरला, तर बाहेर पान हलत नसतानाही तो फडफडतो. रंगीत काचांच्या जाळीदार खिडक्यांतून येणारा उजेड फरशीवर सरकत जातो. सकाळी गर्दी नसताना इथे निवांत बसावे. सरूच्या रांगांमधून वाहणाऱ्या पाटांची ही बाग २०११पासून ‘पर्शियन बागा’ या वारसा-नोंदीतही आहे.

जुन्या शहराच्या फहादान मोहल्ल्यात नकाशा खिशात ठेवून हिंडावे. भिंती कच्च्या विटांच्या, त्यावर काहगेल म्हणजे माती आणि भुशाचा गिलावा; उन्हात भुशाच्या काड्या चमकतात. बोळ मुद्दाम अरुंद आणि वळणावळणाचे, म्हणजे धुळीच्या वाऱ्याला जोर धरता येत नाही आणि दिवसभर एका ना एका भिंतीची सावली मिळते. अधूनमधून बोळावर कमानींचे छत येते, त्याला साबात म्हणतात. लाकडी दारांवर दोन वेगवेगळे ठोके असतात. लांबट आणि जड ठोका पुरुषांसाठी, गोल कडी स्त्रियांसाठी. आवाजावरूनच आतल्यांना कळे, दार कोणी उघडायला जायचे ते. रस्त्याकडे घर पाठ करून बसलेले. सारे वैभव आत, चौकाभोवती. पुण्या-नाशिकच्या वाड्याची आठवण यावी अशी ही मांडणी, पण फरक मोठा आहे. इथले कुटुंब ऋतूप्रमाणे घरातल्या घरात मुक्काम हलवते: उन्हाळ्यात दक्षिणेच्या, उत्तराभिमुख, बादगिराच्या दालनात, हिवाळ्यात समोरच्या, ऊन खाणाऱ्या खोल्यांत. काजार काळातले लारी घर या रचनेचा उत्तम नमुना आहे.

जामे मशिदीचे प्रवेशद्वार आणि त्यावरची मनोऱ्यांची जोडी सुमारे ५० मीटर उंच आहे, इराणातल्या सर्वांत उंच मनोऱ्यांपैकी. १२व्या शतकात इथे मशीद होतीच. आजची वास्तू मुख्यतः १४व्या शतकातली, मनोरे मागाहूनचे. दाराच्या कमानीतले आणि मेहराबातले फरशीकाम सावकाश पाहावे. एकेका रंगाच्या फरशीतून पान, फूल, अक्षर असा प्रत्येक तुकडा वेगळा कापून ते जुळवलेले आहे. चित्र रंगवून भाजलेल्या फरशीला निळ्याची ही खोली येत नाही. याच मशिदीच्या अंगणातून झार्च कनातीपर्यंत उतरणाऱ्या पायऱ्या आहेत. वजूसाठी, म्हणजे नमाजाआधी हातपाय धुण्यासाठी, माणसे इथून खाली पाण्याशी जात.

यझ्दच्या अताबेगांनी म्हणजे स्थानिक शासकांनी मंगोलांपुढे मान तुकवली, त्यामुळे इराणातली मोठमोठी शहरे बेचिराख झाली तेव्हा यझ्द वाचले. १३व्या शतकात मार्को पोलोने इथल्या रेशमी कापडाची वाखाणणी केली आहे. पुढे मुझफ्फरी आणि तैमुरी काळात बांधकामे वाढली. तैमुरी बादशाह शाहरुखच्या काळातला सुभेदार जलालुद्दीन अमीर चखमाक आणि त्याची पत्नी सिती फातेमा यांनी १५व्या शतकात मशीद, हमामखाना, हौद यांचा समूह बांधला. आज चौकात सर्वांच्या नजरेत भरणारी तीन मजली कोनाड्यांची भिंत पुष्कळांना मशीदच वाटते. ती १९व्या शतकातल्या तकियाची, म्हणजे मोहरमचे शोकविधी होतात त्या जागेची, दर्शनी बाजू आहे. तिच्यासमोर पानाच्या आकाराचा प्रचंड लाकडी सांगाडा उभा असतो, तो नख्ल. मोहरमात इमाम हुसेनच्या ताबुताचे प्रतीक म्हणून नख्ल काळ्या कापडाने सजवून शेकडो माणसे खांद्यावर उचलतात. हा विधी यझ्द प्रांतात आजही जिवंत आहे.

फहादानमधली दवाज्दह इमाम ही घुमटीही चुकवू नये. १०३८च्या सुमाराची ही विटांची वास्तू छोटी आणि बाहेरून साधी आहे, बारा इमामांपैकी कोणीही इथे दफन नाही. पण चौकोनी खोलीवर गोल घुमट बसवायचा कसा, हा कूटप्रश्न कोपऱ्यांतल्या तिपदरी कमानींनी जितक्या स्वच्छपणे इथे सोडवला आहे, तितका त्या काळात क्वचितच कुठे दिसतो. शेजारची ‘सिकंदराचा तुरुंग’ म्हणून दाखवली जाणारी इमारत म्हणजे १३व्या शतकातला मदरसा. सिकंदराशी तिचे नाते केवळ दंतकथेतले.

यझ्दचा दुसरा वारसा जरथुश्त्री धर्माचा, आणि तो थेट मुंबईशी जोडलेला. इस्लामोत्तर काळात यझ्द आणि केरमान हेच या समाजाचे मुख्य आसरे उरले. तिथे त्यांनी फार सोसले. जिझिया तर होताच, शिवाय १९व्या शतकाच्या अखेरपर्यंत त्यांना घरावर माडी चढवायला आणि बादगीर बांधायला मनाई होती. ज्या शहरात उन्हाळ्यात वाऱ्यावाचून जगणे कठीण, तिथे वाराच नाकारलेला. यझ्दच्या बादगिरांचे कौतुक करताना हे विसरता कामा नये. १८५४ साली मुंबईच्या पारशांनी माणेकजी लिमजी हातरिया यांना इराणला पाठवले. त्यांनी शाळा काढल्या, धर्मस्थळांची डागडुजी केली, तेहरानच्या दरबारात चिकाटीने पाठपुरावा केला; १८८२ साली जिझिया रद्द झाला. मुंबईचेच पेशोतनजी दोसाभाई मार्कर यांच्या देणगीतून यझ्दमध्ये शाळा आणि अनाथाश्रम उभा राहिला. त्यांच्या नावाचा घड्याळमनोरा आजही चौकात आहे.

आतश बेहराम हे अग्निमंदिर १९३४ साली भारतातल्या पारशांच्या मदतीने बांधले गेले. समोर गोल हौज, दर्शनी भागावर पंख पसरलेला फरवहर, हे जरथुश्त्री धर्मचिन्ह. आतला अग्नी इ. स. ४७०च्या सुमारापासून जागता असल्याची श्रद्धा आहे. दर्शन काचेआडून घ्यायचे. शहराबाहेरच्या दोन टेकड्यांवर दख्मे, म्हणजे मृतदेह ठेवण्याचे गोल मनोरे, आहेत. ते विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात वापरातून गेले, आता लोक पायऱ्या चढून वर जातात. तिथे आवाज चढवू नये, ही अंत्यसंस्काराची जागा आहे. १९व्या शतकाच्या उत्तरार्धापासून यझ्दच्या आसपासच्या गावांतून अनेक कुटुंबे मुंबई-पुण्याला आली. कोपऱ्यावरची इराणी हॉटेले, ब्रून-मस्का आणि चहा ही मोठ्या प्रमाणावर त्यांचीच देणगी. अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) जवळच्या मेहेराबादमुळे महाराष्ट्राला परिचित असलेले मेहेरबाबा यांचे वडील शेरियार इराणी मूळचे यझ्दचेच.

मातीचे शहर राहत्या माणसांवर टिकते. गच्चीवरचा काहगेल काही वर्षांनी पुन्हा थापावा लागतो. घर ओस पडले की पहिल्या जोरदार पावसात छत गळते आणि भिंत फुगते. जुन्या शहरातली कितीतरी कुटुंबे नव्या वस्त्यांत गेली, त्यांच्या काही घरांची आता प्रवाशांसाठी हॉटेले झाली आहेत. पाण्याचे गणितही बदलले. नलिका विहिरींनी भूजल खाली ओढल्यामुळे अनेक कनाती सुकल्या. शहराला आता इस्फहानच्या झायंदेरूद नदीचे पाणी नळवाटे येते, आणि आपले पाणी गेल्याच्या रागाने तिकडच्या शेतकऱ्यांनी ही वाहिनी वारंवार फोडली आहे.

भेटीला मार्चअखेर ते एप्रिल आणि ऑक्टोबर-नोव्हेंबर हे काळ चांगले. तेहरानहून रेल्वे आणि बस, दोन्ही आहेत. दुपारी बाजार बंद असतो, तेव्हा घरे आणि संग्रहालये पाहावीत. संध्याकाळी गच्चीवर जावे, बादगिरांची वस्ती तिथूनच नीट दिसते. तिरमे हे नक्षीचे रेशमी विणकाम आणि कुत्ताब, बकलावा, पश्मक या मिठाया यझ्दच्या खास. हाताशी आणखी एक दिवस असेल तर मेयबोदचा मातीचा नारीन किल्ला, तिथले बर्फघर आणि कबुतरखाना, आणि अर्दकानच्या बाजूला डोंगरकड्यातले चक चक हे जरथुश्त्री तीर्थ पाहता येते. जूनच्या मध्यात चक चकला वार्षिक यात्रा भरते. त्या दिवसांत ते यात्रेकरूंसाठीच राखलेले असते.