घारापुरी : पर्यटकांसाठीचे नियम

घारापुरी (एलिफंटा) हे मुंबई बंदरातील बेट रायगड जिल्ह्याच्या उरण तालुक्यात मोडते. गेटवे ऑफ इंडियापासून बोटीने तिथे पोचायला सुमारे तासभर लागतो. येथील शैव लेणी 1909 पासून संरक्षित आहेत आणि 1987 मध्ये त्यांचा समावेश युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत झाला. शेतबंदर, राजबंदर आणि मोराबंदर ही बेटावरची तीन गावे. पर्यटकाला पाळावे लागणारे नियम कोणा एकाच्या हातचे नाहीत. बोटीत असेपर्यंत सागरी मंडळ, धक्क्यावर उतरला की ग्रामपंचायत आणि पायऱ्या चढून तिकीट खिडकीशी आला की भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण, असा त्याचा ताबा हातोहात बदलत जातो.

प्रवासाच्या नियमांत सर्वांत ठळक बदल झाला तो अपघातानंतर. 18 डिसेंबर 2024 रोजी नौदलाची स्पीडबोट घारापुरीकडे निघालेल्या प्रवासी बोटीवर आदळली आणि त्यात अनेकांचे प्राण गेले. त्यानंतर गेटवेवरून सुटणाऱ्या बोटींत प्रत्येक प्रवाशाला लाइफ जॅकेट घालणे सक्तीचे झाले. तोवर ही जॅकेटे बहुधा बोटीच्या छताला बांधलेलीच दिसत. पावसाळ्यात वेळापत्रकापेक्षा समुद्राचे चालते. वारा वाढला की फेऱ्या बंद. सोमवारी लेणी बंद असतात, हे ठाऊक नसलेले प्रवासी गेटवेवर येऊन हिरमुसतात. परतीची शेवटची बोट संध्याकाळी साडेपाचच्या सुमारास सुटते आणि ती गाठावीच लागते, कारण बेटावर पर्यटकांच्या मुक्कामाची व्यवस्था नाही.

धक्का लांबलचक आहे, कारण किनाऱ्याशी चिखल आणि उथळ पाणी. तो चालत पार करावा किंवा छोट्या रेल्वेगाडीने. पुढे जाताना ग्रामपंचायत प्रवासी कर घेते. तो लेण्याच्या तिकिटाहून वेगळा असतो, आणि ‘दोनदा पैसे का?’ हा प्रश्न तिथे सतत ऐकू येतो. त्यानंतरच्या सुमारे 120 पायऱ्यांच्या दोन्ही बाजूंना निळ्या ताडपत्र्यांखाली दुकाने. ज्यांना चढवत नाही त्यांच्यासाठी डोलीवाले.

लेण्याचे तिकीट भारतीयांना 40 रुपये, परदेशी पर्यटकांना 600 रुपये. 15 वर्षांखालील मुलांना ते नाही. खिडकीच्या आत सत्ता 1958 चा प्राचीन स्मारकविषयक कायदा आणि 1959 चे त्याखालील नियम यांची. त्यातला आठवा नियम मुद्दाम वाचण्याजोगा आहे. वास्तूला इजा होईल असे काही करू नये, हे त्यात पहिले. मग बंदूक झाडू नये. नेमून दिलेल्या जागेखेरीज स्वयंपाक करू नये, खाऊही नये. परवान्याशिवाय माल विकू नये, जाहिरात लावू नये. भीक मागू नये. जनावर आत आणू नये. पैसे घेऊन वास्तू दाखवत फिरवणेही परवान्याशिवाय चालत नाही, म्हणजे ‘या साहेब, दाखवतो’ म्हणणारा हौशी वाटाड्या कायद्याने गुन्हेगार ठरतो. जनावरांचे कलम मात्र इथल्या माकडांना कोणी वाचून दाखवलेले नाही. डबा उघडण्याची मनाई पर्यटक कदाचित विसरेल, माकडे ती पाळायला भाग पाडतात.

बंदुकीचे कलम वाचून हसू येते खरे, पण घारापुरीत त्याला संदर्भ आहे. 1534 मध्ये बेट पोर्तुगिजांकडे गेले आणि त्यांच्या सैनिकांनी मूर्तींवर नेमबाजी केली, असे परंपरेने सांगितले जाते. मूर्तींच्या तुटलेल्या हातापायांना दुसरीही कारणे असतील. सारा दोष एकाच सैन्यावर टाकणे सोपे आहे, इतकेच. वस्तू हलवण्याची मनाईही इथे उशिराच आली. बेटाला ज्याच्यावरून एलिफंटा हे नाव पडले तो दगडी हत्ती इंग्लंडला नेण्याच्या खटपटीत तुटला आणि त्याचे तुकडे मुंबईला आणले गेले. पुन्हा जोडलेला तो हत्ती आज भायखळ्याला भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या आवारात उभा आहे. संरक्षित वास्तूची नासधूस केली किंवा तिचा भाग हलवला, तर 2010 च्या दुरुस्तीनंतर दोन वर्षांपर्यंत कैद, एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. भिंतीवर बदामात नावे कोरणाऱ्यांना बहुधा हा आकडा माहीत नसतो.

साध्या कॅमेऱ्याने किंवा मोबाइलने फोटो काढायला अडचण नाही. चित्रीकरणाला आगाऊ परवानगी लागते. ड्रोनलाही ती हवीच, आणि मुंबईकडे नौदलाची गोदी, जवळच जवाहर द्वीपावर तेलाचे टर्मिनल अशा बंदरात ती सहजी मिळण्यासारखी नाही.

पूजेचा प्रश्न नाजूक आहे. पहिल्या लेण्यात चार दारांचे गर्भगृह आहे, आत शिवलिंग आहे. पण पर्यटकांच्या दृष्टीने लेणे हे देऊळ नसून स्मारक आहे, त्यामुळे फुले-नारळाची रोजची वर्दळ इथे नसते. महाशिवरात्रीला मात्र परिसरातले भाविक दर्शनाला येतात, आणि ‘स्मारकात पाळली जाणारी प्रथा मोडू नये’ हेही त्याच आठव्या नियमातले एक कलम आहे.

नियमांचा खरा भार दिवसभरासाठी येणाऱ्यांवर पडत नाही, तो पडतो बेटावरच्या तीन गावांत राहणाऱ्यांवर. 1985 मध्ये महाराष्ट्र शासनाने अधिसूचना काढून संपूर्ण बेट आणि किनाऱ्यापासून एक किलोमीटरपर्यंतचा पट्टा प्रतिबंधित क्षेत्र ठरवला. शिवाय केंद्रीय कायद्यानुसार संरक्षित स्मारकापासून 100 मीटरपर्यंत नवे बांधकाम करता येत नाही, आणि त्यापुढच्या 200 मीटरांत परवानगी घ्यावी लागते. पायऱ्यांवर सरबत विकणाऱ्या कुटुंबाला दुकानाचे छप्पर पक्के करायचे झाले तरी हे सारे आडवे येते. समुद्राखालून केबल टाकून या तीन गावांत कायमची वीज आली ती 2018 मध्ये, लेणी जागतिक वारसा ठरल्यानंतर 31 वर्षांनी.