मोजून दिलेला कागद

ब्रह्मदेशातल्या मंडालेच्या थिबा राजाला इंग्रजांनी रत्नागिरीत आणून ठेवलं आणि रत्नागिरीत जन्मलेल्या टिळकांना मंडालेच्या तुरुंगात. हा योगायोग आपल्याकडे नेहमी सांगितला जातो. दोघांच्या हाती लिहायला काय उरलं, हे मात्र कुणी फारसं विचारत नाही.

थिबाच्या घरात अक्षराला मोठा मान. वडील मिंडॉन यांनी त्रिपिटक ७२९ संगमरवरी शिळांवर कोरून घेतलं होतं. थिबा स्वतः विहारात शिकला, १८७७ मध्ये धर्मग्रंथांची अवघड परीक्षा उत्तीर्ण झाला. १८८५ मध्ये राज्य गेलं, १८८६ मध्ये तो रत्नागिरीत आला आणि १९१६ मध्ये इथेच वारला. या तीस वर्षांत त्याचा आवाज सरकारदरबारी पोचला तो अर्जांतून: तनखा पुरत नाही, कर्ज झालंय, इंग्रज अधिकारी कर्नल स्लॅडनकडे दिलेली रत्नं परत करा. शिकलेल्या राजाला दुःख सांगायला अर्जाचाच मायना उरावा, याची मला रत्नागिरीतला त्याचा राजवाडा पाहताना फार खंत वाटते.

त्या राजवाड्यात तो १९१० मध्ये राहायला गेला. त्याच हिवाळ्यात टिळक मंडालेत ‘गीतारहस्य’ लिहीत होते. सुटे कागद नाहीत. बांधलेल्या वह्या, पानांवर आकडे घातलेले. शाई नाही, पेन्सिल. १९१४ मध्ये सुटका झाली तरी वह्या लगेच हाती आल्या नाहीत. ग्रंथ निघाला १९१५ मध्ये.

सावरकरांना अंदमानात तेवढंही नव्हतं. कोठडीच्या भिंतीवर ओळी कोरायच्या आणि पाठ करायच्या. १९२४ ते १९३७ ते रत्नागिरी जिल्ह्यात स्थानबद्ध होते. राजकारण करायचं नाही, ही अट. कागदाला तोटा नव्हता. नाटकं झाली, १९२७ मध्ये ‘माझी जन्मठेप’ आली. १९३४ मध्ये सरकारने तिच्यावर बंदी घातली. त्यांच्या विचारांशी कुणाचं कितीही वाकडं असो, लिहू द्यायचं आणि वाचू द्यायचं नाही, ही दडपशाहीच.

मिंडॉनच्या ब्रह्मदेशात इंग्रज गेल्यावरही ही दडपशाही संपली नाही. ७ जुलै १९६२ रोजी लष्कराने रंगून विद्यापीठात विद्यार्थ्यांवर गोळीबार केला आणि दुसऱ्या दिवशी विद्यार्थी संघाची इमारत सुरुंगाने उडवली. १९८८ च्या उठावानंतर विद्यापीठं वर्षानुवर्षं बंद राहिली. फेब्रुवारी २०२१ च्या लष्करी बंडानंतर संपात उतरलेल्या हजारो प्राध्यापक-शिक्षकांना निलंबित केलं गेलं. के झा विन हा कवी मार्चमध्ये निदर्शनात गोळी लागून गेला. दुसरा कवी खेत थी मे महिन्यात, सैनिकांनी पकडून नेल्यावर. हजारो माणसं सीमा ओलांडून मिझोराममध्ये आली.

थिबावर अमिताव घोष आणि सुधा शाह यांनी इंग्रजीत लिहिलं, आपण ते आवडीने वाचतो. राजवाड्यात आता संग्रहालय आहे. राजाच्या वस्तूंशेजारी या दोन कवींच्या कविता मराठीत आणून ठेवाव्यात आणि ते काम रत्नागिरीतल्या महाविद्यालयांनी हाती घ्यावं, असं मला मनापासून वाटतं.